जुन्या डिझेल मोटारीचें धुराडें व त्यांतील बिघाड

आमच्या संघाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत हल्लीं डिझेलवर चालणारी एखादी मोटार किंवा पिकअप उभी असते. तिचें तेल केव्हां बदलावें, चाकांत हवा किती असावी, हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. परंतु इंजिनाच्या मागें, धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर, जी सामुग्री बसविलेली असते तिच्याविषयीं मात्र फारच थोडी माहिती दिसते. आणि ज्या गाड्या आतां पांच-सहा वर्षांच्या झाल्या त्यांचे बिघाड बहुधा याच ठिकाणीं निघूं लागले आहेत. समोर पिवळा दिवा लागतो, गाडी चढावर जोर धरीत नाहीं, आणि गॅरेजवाला लाखाच्या घरांतील आकडा सांगतो. अशा वेळीं मालकानें काय समजून घ्यावें व काय करूं नये, हें आम्हांस पदरचे पैसे खर्च झाल्यावर जें कळलें तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम नियमाची हकीकत सांगणें अवश्य आहे. मोटारींच्या धुराविषयीं भारत सरकारनें जीं मानकें ठरविलीं आहेत त्यांस भारत स्टेज असें म्हणतात. चौथें मानक १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशांत लागू झालें. पांचवें वगळून सहावें १ एप्रिल २०२० पासून आलें. डिझेलच्या प्रवासी मोटारीनें किलोमीटरामागें सोडावयाच्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा चौथ्या मानकांत २५० मिलिग्रॅम होती, ती सहाव्यांत ८० वर आली. आणि बारीक काजळीची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून एकदम ४.५ वर आली. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० भाग असे, तेंही १० भागांवर आणलें गेलें. इतकी काजळी केवळ इंजिन सुधारून कमी होणारी नव्हती, म्हणून ती वाटेंतच अडविणारी चाळण बसवावी लागली. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांसही कडक मानक लागू झालें असल्यामुळें हा विषय केवळ हौशी मोटारवाल्यांचा राहिलेला नाहीं.

हा सर्व खटाटोप निष्कारण आहे असें म्हणणारे लोक चावडीवर पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर हा मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत घातला आहे, एवढें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां या सामुग्रीचें काम कसें चालतें तें पाहूं. डिझेल इंजिनांत उष्णता फार होते, व त्या उष्णतेंत हवेंतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशीं संयोग होऊन विषारी वायु तयार होतो. ही उष्णता उतरविण्याकरितां बाहेर जाणाऱ्या धुराचा कांहीं भाग थंड करून पुन्हां इंजिनाच्या तोंडाशीं सोडतात. त्यासाठीं जी झडप असते तिला ई. जी. आर. म्हणतात. पण हवेच्या जागीं धूर शिरल्यामुळें जळण थोडें अपुरें होतें व काजळी वाढते. म्हणजे एक दोष घालवावयास जावें तों दुसरा पुढें येतो. पुढें धुराड्यांत प्रथम एक भांडें असतें. त्याच्या आंतील जाळीवर प्लॅटिनम व पॅलेडियम या धातूंचा लेप दिलेला असतो, आणि तेथें कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें तेल यांचें ज्वलन पुरें होतें. त्याच्या मागें काजळीची चाळण, जिला गॅरेजांत डी. पी. एफ. म्हणतात.

ही चाळण म्हणजे चिनीमातीसारख्या पदार्थाचें, मधाच्या पोळ्यासारखें शेंकडों बारीक नळ्यांचें ठोकळें होय. मौज अशी कीं, शेजारशेजारच्या नळ्या आळीपाळीनें एका टोंकास बंद केलेल्या असतात. एका नळींत शिरलेल्या धुरास पुढें वाट नसल्यामुळें तो सच्छिद्र भिंतींतून शेजारच्या नळींत झिरपतो; काजळी भिंतीवरच राहते. अर्थात् ती सांचत जाऊन वाट बुजणार हें उघड आहे, म्हणून तिला आंतच जाळण्याची योजना केलेली असते. काजळी आपोआप पेटावयास सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. हमरस्त्यावर गाडी एका वेगानें पुष्कळ वेळ चालली तर धुरांतीलच एका नायट्रोजन ऑक्साइडाच्या साहाय्यानें याहून पुष्कळ कमी उष्णतेवरही थोडी थोडी काजळी जळत राहते. तितकें न झालें तर इंजिनाचा संगणक स्फोटानंतर मुद्दाम थोडें अधिक डिझेल सोडतो, तें पुढच्या भांड्यांत जळतें, आणि चाळण तापून काजळीची राख होते. या कामास साधारणतः दहा ते वीस मिनिटें लागतात. परंतु त्यासाठीं इंजिन पुरतें तापलेलें असावें, गाडी कांहीं वेळ एकसारखी चालावी, टाकींत डिझेल अगदीं तळाशीं गेलेलें नसावें, आणि संगणकाच्या स्मरणांत दुसऱ्या कोणत्या बिघाडाची नोंद नसावी. यांपैकीं एक अट मोडली तरी काजळी जाळण्याचें काम तहकूब होतें. ही शेवटची अट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण आमचा घात तिनेंच केला.

आमची मोटार २०२० सालच्या अखेरीस घेतलेली. नोकरींत असतांना ती रोज गांवाहून तालुक्याच्या कचेरीपर्यंत बेचाळीस किलोमीटर व तितकीच परत अशी चाले, आणि तिच्या धुराड्यांत काय आहे याचा विचार करण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर तिचें काम पालटलें. घरापासून मळा तीन किलोमीटर, दूध डेअरी दीड किलोमीटर, सोसायटीचें गोदाम चार. इंजिन तापण्याच्या आंत काम संपे व गाडी पुन्हां झाडाखालीं उभी राही. गाडीस आराम मिळतो आहे अशीच आमची समजूत होती. पावसाळा सरतांना पिवळा दिवा लागला, चार दिवसांनीं आपोआप विझला, पुन्हां लागला. आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. तेल पाहण्याची काडी काढून पाहिली तों तेलाची पातळी खुणेच्या वर चढलेली. तेव्हां इंजिन तेल मुळींच खात नाहीं म्हणून उलट समाधानच वाटलें! जाळण्याचें काम पुन्हां पुन्हां अर्धवट राहिलें म्हणजे तें जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खालीं उतरून तेलांत मिसळतें, आणि तेल वाढतें तें पातळ होऊन वाढतें, हें पुढें समजलें.

कार्तिकांत एके रात्रीं शेजारच्या सूनबाईस कळा येऊं लागल्या, म्हणून तिला व तिच्या सासूबाईंस घेऊन आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघालों. घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीचा जोर गेला. पाय कितीही दाबला तरी वेग तिसाच्या वर जाईना. चाळण तुंबली असतां इंजिनास इजा होऊं नये म्हणून संगणकच जोर आवळून धरतो. तो आपलें काम करीत होता, पण त्या वेळीं त्याचें कौतुक कोणास वाटणार! उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या आम्हांस मागें टाकून जात होत्या. वीस मिनिटांच्या घाटास पाऊण तास लागला. बाई सुखरूप पोहोंचली व पहांटे तिला मुलगी झाली. परंतु त्या पाऊण तासांत सासूबाई एक शब्दही न बोलतां आमच्याकडे ज्या नजरेनें पाहत होत्या ती नजर आम्ही अद्यापि विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी शहरांतील एका मोठ्या गॅरेजांत नेली. त्यांनीं स्कॅनर लावला, पांच मिनिटांत काढला, आणि चाळण नवीन घालावी लागेल, एक लाख अठरा हजार रुपये होतील, असें लिहून दिलें. तेथून निघालों तों एका दुसऱ्या कारागिरानें गांठलें. चाळणीचें पोट फाडून आंतील ठोकळें काढून टाकूं, संगणकांतील हुकूम बदलूं, दिवा जन्मांत लागणार नाहीं, बावीस हजार द्या, असें त्याचें म्हणणें. खरें सांगावयाचें तर आम्हीं त्यास अर्धा होकार देऊन ठेवला होता.

परंतु पैसे आणावयास गांवीं आलों असतां शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टरचे पंप दुरुस्त करणारा एक तरुण आहे त्यास सहज दाखविलें. त्यानें प्रथम गाडीच्या खालीं बॅटरी धरली. चाळणीच्या पुढें व मागें धुराचा दाब किती आहे हें मोजण्यासाठीं दोन बारीक रबरी नळ्या निघून एका सेन्सरास जोडलेल्या असतात. दोहोंतील अंतर वाढलें म्हणजे चाळण भरत आली असें संगणक समजतो. त्यांपैकीं एक नळी तापलेल्या पत्र्याजवळ भेगाळून फुटली होती. दाबाचा आंकडा भलताच येऊं लागला, संगणकानें तो अविश्वसनीय ठरवून बिघाडाची नोंद केली, आणि नोंद झाली म्हणून काजळी जाळण्याचें काम बंद ठेवलें. त्यांत आमच्या दीड-दोन किलोमीटरांच्या खेपांची भर. नळीस तीनशें चाळीस रुपये पडले. मग त्यानें स्कॅनरावर काजळीचें प्रमाण पाहिलें, तें अजून हाताबाहेर गेलेलें नाहीं अशी खात्री केली, जुनी नोंद पुसली, आणि खळ्याच्या मोकळ्या जमिनीवर गाडी उभी करून चाळण जाळून घेतली. नंतर पातळ झालेलें तेल सर्व काढून नवें घातलें. त्या दिवसापासून आजपर्यंत घाटांत गाडी अडलेली नाहीं.

आमच्या कचेरींत एखादें प्रकरण तुंबलें म्हणजे शेवटच्या टेबलावरच्या कारकुनास बोल लागे, कारण ढीग त्याच्यापुढें दिसे. वस्तुतः कागद चुकलेला असे दोन टेबलें आधीं. चाळणीची गोष्ट अगदीं तशीच आहे. ती क्वचितच स्वतः बिघडते. बहुधा दुसऱ्याचा बिघाड तिच्यांत येऊन सांचतो. म्हणून ती बदलण्यापूर्वीं मागची वाट तपासावी. ई. जी. आर.ची झडप काजळी व तेलाच्या चिकट थरानें उघडी अडकली असेल तर काजळी दुप्पट वेगानें येईल. ती काढून साफ करतां येते. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा हवेचा पाईप चिरला असेल तर हवा कमी पडून काळा धूर होईल. नोझल ठिबकत असेल, किंवा मळ्याच्या धुळीनें हवेचा फिल्टर चोंदला असेल, तरी तोच परिणाम. थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल तर इंजिन पुरतें तापणारच नाहीं, आणि मग चाळण जाळण्याची पाळीच येणार नाहीं; हा बिघाड स्वस्त असून फार वेळां नजरेंतून सुटतो. अशा एखाद्या दोषावर नवी लाखाची चाळण बसविली तर तीही कांहीं महिन्यांत तुंबेल.

स्कॅनरावर जे अंक येतात ते पुसण्यापूर्वीं वहींत उतरून घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे. पी ०४०१ म्हणजे परत फिरणारा धूर कमी पडतो, पी २४५३ म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सराचा आंकडा जुळत नाहीं, पी २४६३ म्हणजे काजळी फार सांचली, पी २००२ म्हणजे चाळण आपलें काम पुरें करीत नाहीं. पहिले दोन अंक शेवटच्या दोहोंबरोबर आले असतील तर आधीं पहिल्यांचा बंदोबस्त करावा. गॅरेजवाला अंक सांगावयास कुचराई करील तर दुसरें गॅरेज पाहावें.

रोजच्या वागणुकींत काय ठेवावें? आठवड्यांतून एकदां तरी गाडी तीस-चाळीस मिनिटें मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानें न्यावी. बाजाराची, बँकेची कामें एकाच दिवशीं काढलीं म्हणजे निराळें डिझेल जाळावें लागत नाहीं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशीं रांगेंत उभें असतां थंड हवेसाठीं इंजिन तास तास चालूं ठेवण्याची जी चाल पडली आहे ती या गाड्यांस घातक आहे, कारण त्या स्थितींत काजळी होते पण उष्णता होत नाहीं. गाडी उभी असतां इंजिनाची गति नेहमींपेक्षां वाढलेली वाटली, जळाल्यासारखा उग्र वास आला, किंवा बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरानें फिरत राहिला, तर आंत जाळण्याचें काम चालूं होतें असें समजावें. तें ध्यानांत आल्यास आणखी दहा-पंधरा मिनिटें गाडी चालवून पुरें होऊं द्यावें. मात्र अशा वेळीं धुराडें अतिशय तापलेलें असतें. उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी कदापि उभी करूं नये. आमच्या मते एकट्या या कारणासाठीं तरी प्रत्येक शेतकरी मालकास ही माहिती असावयास हवी.

इंजिनचें तेल कमी राखेचें, गाडीबरोबरच्या पुस्तकांत जें सांगितलें असेल तेंच घालावें. काजळी जळून जाते, पण तेलांतील औषधी द्रव्यांची राख चुलींतल्या राखेप्रमाणें आंतच राहते व ती कोणत्याही उष्णतेनें जात नाहीं. स्वस्ताचें तेल घातलें तर ती लवकर भरते. चांगल्या निगेंतही दीड लाख किलोमीटरांच्या आसपास ही राख त्रास देऊं लागते. तेव्हां चाळण खोलून, भट्टींत तापवून, उलट्या बाजूनें हवा मारून साफ करणारे लोक आतां शहरांतून मिळतात, व नवीपेक्षां खर्च पुष्कळ कमी येतो. कोणी गाड्या धुण्याच्या जोरदार पाण्यानें धुऊन देतो म्हटल्यास देऊं नये. आंतील नाजूक भिंती फुटतात. रॉकेल मिसळलेलें स्वस्त डिझेल घेणाऱ्यास काय सांगावें? त्यांतील गंधक प्लॅटिनमच्या लेपाचा नाश करतो.

कांहीं नव्या मोटारींत व बहुतेक मोठ्या मालट्रकांत चाळणीखेरीज युरियाच्या पाण्याची निराळी टाकी असते. हें पाणी शंभर भागांत ३२.५ भाग अत्यंत शुद्ध युरिया असलेलें असतें, व तें धुरांत फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें निरुपद्रवी नायट्रोजन व वाफ यांत रूपांतर करतात. घरांत खताचीं पोतीं पडलेलीं असतां विकत पाणी कशास घ्यावें, असा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे, आणि तो अमलांत आणलेलीं उदाहरणें आमच्या कानांवर आलीं आहेत. परंतु २०१५ पासून आपला शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. शिवाय त्यांत बायुरेट व इतर मळ असतो. त्यानें फवाऱ्याचें तोंड बुजतें, खडे बसतात आणि मागचें भांडें कायमचें निकामी होतें. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वयें खताचा उपयोग खताखेरीज इतर कामीं करणें हा गुन्हाही आहे, हें निराळेंच.

आतां चाळण फोडून टाकण्याविषयीं. गाडी हलकी चालते, अॅव्हरेज वाढतें, असें सांगतात; आणि कांहीं दिवस तसें वाटतेंही, कारण तुंबलेली वाट मोकळी झालेली असते. पी. यू. सी.च्या तपासणींत डिझेल गाडीचा दिसणारा धूर तेवढा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजीत नाहींत, म्हणून कित्येक जण पकडले जात नाहींत हेंही आम्ही जाणतों. तथापि मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वयें कारखान्याच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि कलम १९० (२) अन्वयें २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाद, अशी तरतूद आहे. आम्ही अर्धा होकार दिला होता तो बावीस हजारांच्या हिशेबावर. हें कलम त्या वेळीं आठवलें नाहीं, याची सारी नोकरी कायद्याच्या पुस्तकांत घालविलेल्या माणसास लाज वाटावयास हवी. आणि तो फोडलेल्या धुराड्याचा धूर सकाळीं प्रथम कोठें जातो? आमच्या अंगणांत, जेथें नातवंडें शाळेच्या रिक्षाची वाट पाहत उभीं असतात.

शेवटीं जुनी गाडी विकत घेणारांसाठीं एक सोपी परीक्षा सांगतों. एप्रिल २०२० नंतरची चाळण असलेली डिझेल मोटार थंड असतां तिच्या धुराड्याच्या तोंडांत बोट फिरवावें. चाळण शाबूत असेल तर बोटास थोडी धूळ किंवा किंचित करडी छटा लागते, व आंतील पत्रा जवळजवळ स्वच्छ दिसतो. बोट काळेंभोर निघालें, तर चाळण फुटली आहे किंवा कोणी काढून टाकली आहे असा संशय धरावा, गाडी उचलून तिच्या पोटावर नवा सांधा मारलेला आहे काय तें पाहावें, आणि स्कॅनरावर काजळीचा आंकडा गाडी चालविल्यावर हलतो कीं एकाच जागीं थिजलेला आहे हें तपासूनच सौद्याची भाषा करावी.